मेकॅनिकच्या चुकीमुळे गाडीचं नुकसान झालं असेल तर भरपाई कशी मागायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हिसिंग करून आणली आणि दोनच दिवसांत गाडी बंद पडली. म्हणजे चूक मेकॅनिकचीच ना?

असेलही, नसेलही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ आली की दोष कावळ्यावर जातो. गॅरेज नेमका याच मुद्द्याचा आधार घेतं. ऑइल बदलून आणल्यावर पॉवर विंडोची मोटर गेली, तर त्या दोन गोष्टींचा काही संबंध नसतो. ऑइल बदलल्यावर ४० किलोमीटरवर इंजिन जाम झालं आणि चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) ऑइल नाही, तर संबंध उघड आहे.

भरपाईसाठी तीन गोष्टी एका साखळीत दाखवाव्या लागतात. मेकॅनिकने नेमक्या कोणत्या भागाला हात लावला, तिथे काम चुकीचं झालं याची खूण काय, आणि त्या चुकीतून हा बिघाड कसा झाला. फक्त “आधी चांगली चालत होती” या वाक्यावर दावा टिकत नाही. दुसरीकडे, मेकॅनिकने मुद्दाम केलं असं दाखवण्याची काहीच गरज नसते. साधारण कुशल माणसाने जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली नाही, एवढं पुरतं.

बिघाड लक्षात आल्याबरोबर काय करू?

इंजिन बंद करा आणि पुन्हा स्टार्ट करून बघू नका. “एकदा मारून बघू” हा मोह फार महागात पडतो. ऑइलविना बेअरिंग आधी नुसतं घासलेलं असतं. पुन्हा फिरवलं की ते क्रँकला (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला) चिकटतं, आणि बेअरिंग बदलून भागलं असतं तिथे अख्खं इंजिन खोलावं लागतं. हे जास्तीचं नुकसान मग तुमच्या माथी मारलं जातं.

गाडी आहे तिथेच असताना मोबाईलने फोटो काढा: मीटरवर पेटलेले दिवे, किलोमीटर रीडिंग, गाडीखाली सांडलेलं ऑइल किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी). डिपस्टिक आधी पुसून, परत घालून, मग बाहेर काढून फोटो घ्या. न पुसता काढलेल्या फोटोला अर्थ नसतो. थोडं मागे चालत जाऊन रस्त्यावर थेंबांची रेघ आहे का बघा. ती रेघ कुठून सुरू होते यावरून गळती कधी सुरू झाली ते कळतं. चाक निखळलं असेल तर सापडतील ते नट उचलून पिशवीत ठेवा.

बॅटरीची वायर काढू नका आणि कोणाला स्कॅनर लावून “एरर उडवू” देऊ नका. बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर बिघाड नोंदवताना त्या क्षणाचा आरपीएम, वेग, इंजिनावरचा लोड आणि कूलंटचं तापमानही साठवून ठेवतो. कोड पुसला की तेही जातं. आधी स्कॅन रिपोर्ट काढा, बाकीचं नंतर.

गाडी टोइंग करून हलवा आणि टोइंगची पावती जपा.

कोणत्या चुका सिद्ध करता येतात?

ज्या चुका धातूवर खूण सोडतात, त्या. नेहमी समोर येणाऱ्या काही अशा.

चेंबरचा ड्रेन बोल्ट. तो बहुतेक छोट्या गाड्यांत २५ ते ४० न्यूटन-मीटरला (हे आवळण्याच्या जोराचं माप) आवळायचा असतो, म्हणजे लोकांना वाटतं त्यापेक्षा बराच हलका. ऑइल गळण्याची इथे तीन कारणं संभवतात आणि तिन्हींची खूण वेगळी असते. बोल्ट नाहीच, पण चेंबरचे आटे शाबूत आहेत: बोल्ट सैल राहिला होता. बोल्टच्या आट्यांत ॲल्युमिनियमची स्प्रिंगसारखी वळी अडकली आहे: जास्त आवळून आटे ओढले गेले. चेंबरला पोचा आहे, घासल्याचे चरे पुढून मागे गेले आहेत आणि भेग त्या पोच्यापाशी आहे: गाडी खालून आदळली, इथे मेकॅनिकचा संबंध नाही. एकाच छिद्राचे जवळून घेतलेले तीन-चार फोटो हा वाद मिटवू शकतात.

ऑइल फिल्टर. जुना फिल्टर काढताना त्याचं रबरी गॅस्केट (गळती रोखणारी कडी) इंजिनालाच चिकटून राहतं आणि त्यावर नवा फिल्टर चढतो. दोन रबरं एकावर एक टिकत नाहीत. दाबाखाली बाहेरचं सरकतं, आणि साडेतीन-चार लिटर ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर जातं. फिल्टर उतरवताना दोन गॅस्केट दिसली तर वाद घालायला फारसं काही उरत नाही. म्हणूनच फिल्टर उतरवताना तुम्ही किंवा तुमचा माणूस तिथे हजर हवा, आणि सलग व्हिडिओ हवा. उतरलेला फिल्टर नंतर टेबलावर ठेवून काढलेला फोटो अर्ध्या किमतीचा.

चाकाचे नट. बहुतेक कारना ते साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटरला आवळतात आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासतात. सैल राहिले असतील तर रिमची भोकं लांबट होतात आणि स्टडचे (नट ज्यावर बसतो त्या बोल्टचे) आटे एका बाजूने घासून सपाट होतात. एअर गनने वाट्टेल तसे आवळले असतील तर स्टड ताणून मध्ये बारीक होतो आणि तिथेच तुटतो. तुटलेला तुकडा फेकू नका. तुटलेला भाग घासू, पुसू किंवा जोडूनही बघू नका, नाहीतर त्यावरच्या रेषा जातात.

टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा. क्रँकच्या पुलीला २० दाते असतील तर एक दाता चुकणं म्हणजे १८ अंशांचा फरक. एका दात्याने गाडी अडखळते, ताकद कमी होते. दोन-तीन दाते सरकले की बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो. वाकलेल्या व्हॉल्व्हच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत दाबलेल्या हवेचा दाब) शून्याजवळ येतं. पेट्रोल इंजिनात ते सहसा १० ते १४ बार असतं. बेल्ट नवा असूनही दाते सोलले असतील, टेन्शनरचा (बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाचा) बोल्ट सैल असेल किंवा टायमिंगच्या खुणा जुळत नसतील, तर बोट फिटिंगकडे जातं. कव्हर उघडल्यावर कोणी इंजिन फिरवायच्या आधी खुणांचे फोटो घ्या. एकदा पुली फिरली की तो पुरावा संपला.

कूलंट. पाणी किंवा कूलंट भरताना हवा अडकून राहिली की इंजिन तापतं, आणि सेन्सर हवेच्या पोकळीत असेल तर मीटरचा काटा मात्र शांत असतो. हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि इंजिन यांच्यामधलं हेड गॅस्केट जातं, हेड वाकतं. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजणाऱ्या पातळ पट्ट्या) लावून हेडचा सपाटपणा मोजतात. मर्यादा कंपनीगणिक वेगळी, पण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासची किंवा त्याहून कमी असते. अडचण अशी की हेड गॅस्केट आधीपासून कमकुवत असू शकतं. कूलंटचं काम मुळात “गाडी तापते” म्हणूनच केलं असेल, तर हा दावा अवघड.

चुकीचं द्रव. ब्रेकच्या टाकीत मिनरल ऑइल पडलं की रबरी सील फुगतात. टाकीच्या झाकणातलं रबर फुगून बसत नसेल तर संशय घ्या. घरच्या घरी चाचणी करता येते: सिरिंजने थोडं द्रव काढून ग्लासभर पाण्यात टाका. डीओटी ३ किंवा ४ चं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, मिनरल ऑइल वर तरंगतं. अशी गाडी अजिबात चालवू नका. नुसतं फ्लश करून भागत नाही, ब्रेकच्या यंत्रणेतलं प्रत्येक रबर बदलावं लागतं.

इलेक्ट्रिकल कामांत सिद्ध करणं सगळ्यात कठीण. बॅटरी उलटी जोडली तर मुख्य फ्यूज आणि अल्टरनेटरचे डायोड जातात, ते कळतं. पण “सर्व्हिसिंगनंतर सेन्सर गेला” यात खूण क्वचितच मिळते. वायरचा चिमटलेला किंवा सोललेला भाग सापडला तरच पुढे जा.

गॅरेजला लगेच कळवू की आधी दुसरीकडे दाखवू?

लगेच कळवा, पण गाडी खोलायला देऊ नका. ज्याच्यावर आरोप आहे त्याला गाडी बघायची संधी दिली नाही, तर पुढे त्याला म्हणता येतं, “आम्हाला विचारलंच नाही, तिसऱ्यानेच बिघडवली असेल.” आणि गाडी सरळ त्याच्या हाती सोपवलीत तर सैल बोल्ट आवळलेला सापडतो.

मधला मार्ग सोपा आहे. दिवस-वेळ ठरवून लेखी कळवा की अमुक ठिकाणी गाडी उघडणार आहोत, तुमचा माणूस पाठवा. आला तर त्याच्यासमोर उघडा. नाही आला तर कळवल्याचा पुरावा तुमच्याकडे असतोच. फोनवर बोलणं झालं तरी त्यानंतर लगेच एक मेसेज टाका: “आत्ता आपलं असं बोलणं झालं.”

स्वतंत्र तपासणी कोणाकडून करायची, आणि अहवालात काय हवं?

ज्याला पुढची दुरुस्ती मिळणार नाही असा माणूस सगळ्यात उत्तम. वाहन सर्व्हेअर, ऑटोमोबाईल इंजिनिअर किंवा त्याच बनावटीच्या गाड्यांवर काम करणारा दुसरा अनुभवी मेकॅनिक. दुरुस्तीही तोच करणार असेल तर निदान तपासणीचे पैसे वेगळे द्या, म्हणजे “काम मिळावं म्हणून असं लिहिलं” हा आक्षेप थोडा बोथट होतो.

“इंजिन खराब झाले आहे, आधीच्या गॅरेजची चूक” एवढ्या दोन ओळींचा कागद कुचकामी. गाडीचा नंबर, चासी नंबर, तपासणीची तारीख आणि किलोमीटर रीडिंग हवं. काय काय उघडलं आणि कोणत्या क्रमाने, हेही हवं. मोजलेले आकडे हवेत: प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, ऑइल किती लिटर निघालं, बोल्ट किती टॉर्कला (जोराला) सुटला. फोटोंमध्ये शेजारी मोजपट्टी ठेवलेली असावी. शेवटी कारणाबद्दल मत, आणि दुसरी कारणं का वगळली ते. हा शेवटचा भाग लोक विसरतात, आणि समोरचा वकील तिथूनच सुरुवात करतो.

सिलिंडर कुठून गळतोय हे लीक-डाऊन चाचणीत कानाने कळतं. सिलिंडरमध्ये हवा भरल्यावर इनटेककडून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर पिस्टन रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. अहवालात एवढं असलं की “इंजिन म्हातारंच होतं” या उत्तराला नुसत्या मतापेक्षा भक्कम जबाब मिळतो.

ऑइलचा नमुना घ्यायचा असेल तर स्वच्छ, कोरड्या बाटलीत साधारण १०० मिलिलिटर घ्या, झाकणावर चिकटपट्टी लावून त्यावर तारीख घाला, दोघांच्या सह्या घ्या. कोल्ड्रिंकच्या धुतलेल्या बाटलीत घेतलेला नमुना प्रयोगशाळेत पाणी दाखवतो आणि तुमचीच पंचाईत करतो.

कोणते कागद लागतात?

जॉब कार्ड, बिल, पार्टांची यादी, आधीच्या सर्व्हिसिंगच्या नोंदी, मेसेज. जॉब कार्ड सगळ्यात महत्त्वाचं, कारण गाडी आत घेताना तिची अवस्था काय होती आणि काम काय सांगितलं होतं हे त्यावर असतं. कच्ची चिठ्ठीच असेल तरी ती, ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद आणि “गाडी तयार आहे” हा मेसेज मिळून बऱ्यापैकी काम भागतं.

काढलेले जुने पार्ट मागून घ्या. दुरुस्ती झाली आणि पार्ट भंगारात गेले, की दाखवायला फक्त फोटो उरतात.

गॅरेज म्हणतं, “पार्टच खराब निघाला, आमचं काम बरोबर होतं.”

पार्ट गॅरेजने आणून बसवला असेल आणि बिलात लावला असेल, तर तुमच्या दृष्टीने विक्रेता तेच. पुरवठादाराकडून वसूल करणं हा त्यांचा आपसातला मामला.

पार्ट तुम्ही आणून दिला असेल तर चित्र उलटं होतं. पार्ट सदोष निघाल्यास जबाबदारी सहसा ज्याने तुम्हाला तो विकला त्याची, आणि मेकॅनिक फक्त बसवण्यापुरता बांधील. मात्र पार्ट उघडउघड चुकीच्या मापाचा होता आणि तरी त्याने ठोकून बसवला, तर तो सुटत नाही.

“लाल दिवा दिसत असून तुम्ही गाडी चालवलीत” असं म्हणतात. मग दावा संपला का?

संपत नाही, लहान होतो. ऑइलचा लाल दिवा पेटल्यावर सुरक्षित जागा शोधत अर्धा मिनिट जाणं समजण्यासारखं आहे. पंधरा किलोमीटर घरापर्यंत जाणं नाही. नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी गाडीमालकाची मानली जाते, आणि तुमच्या वागण्यामुळे वाढलेला हिस्सा वजा होतो. कॉम्प्युटरमधली नोंद इथे तुमच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलते, त्यामुळे घडलं तसंच सांगा.

याचाच भाऊ असलेलं दुसरं उत्तर: “आम्ही बेल्ट बदला म्हणालो होतो, तुम्हीच नको म्हणालात.” जॉब कार्डवर तसं लिहून तुमची सही असेल तर ते वजनदार आहे. नुसतं तोंडी असेल तर त्यांनी ते दाखवायचं.

नेमकं किती मागायचं?

सगळ्यात जास्त भांडणं याच आकड्यावर होतात, म्हणून जरा सविस्तर.

तत्त्व असं की चूक झाली नसती तर तुम्ही जिथे असता तिथे तुम्हाला परत आणायचं, त्याहून वर नाही. दुरुस्तीचा खर्च, टोइंग, तपासणीची फी, गाडी बंद असतानाचा पर्यायी प्रवास आणि बिघडवलेल्या कामासाठी घेतलेले पैसे, हे मागता येतात. पर्यायी प्रवास म्हणजे तुमच्या गाडीच्या तोडीचा. छोट्या हॅचबॅकच्या जागी आलिशान गाडी भाड्याने घेतली तर फरक कोणी देणार नाही. दुरुस्तीला वाजवी वेळ किती, हेही बघितलं जातं. तीन आठवड्यांचं काम तुम्ही चार महिने रखडवलं तर भाडं तीन आठवड्यांचंच.

आता घसाऱ्याचा, म्हणजे वापरामुळे घटलेल्या किमतीचा, मुद्दा. निम्मं आयुष्य संपलेल्या इंजिनाच्या जागी कोरं इंजिन बसलं तर तुमची गाडी आधीपेक्षा चांगली झाली. गॅरेज किंवा त्याची विमा कंपनी हा फायदा कापून मागते. समजा एकूण खर्च १०० आणि त्यात पार्ट ७०, मजुरी ३०. घसारा पार्टवरच बोलावा, मजुरीवर नाही, कारण जुनं इंजिन बसवायलाही तेवढेच तास लागले असते. पार्टवर निम्मा घसारा मान्य केला तर तुमचा आकडा ३५ अधिक ३० म्हणजे ६५ होतो. सरसकट निम्मा धरला तर ५०. हे १५ नुसते बोलताना दुर्लक्ष झाल्यामुळे जातात.

वाद टाळायचा असेल तर तितक्याच किलोमीटरचं, तपासलेलं वापरलेलं इंजिन हा पर्याय पुढे ठेवा. त्यात घसाऱ्याचा प्रश्नच उरत नाही, पण हमी लेखी घ्या.

दोन स्वतंत्र अंदाजपत्रकं जोडा, तीन असली तर बरंच. सगळ्यात महाग एकच जोडलं तर तुमच्या हेतूवर शंका येते. मनस्तापाचे पैसे मिळणं किंवा न मिळणं ठिकाणच्या कायद्यावर आहे. मागायचे तर वेगळ्या ओळीत मागा, दुरुस्तीच्या आकड्यात कालवू नका.

माझ्या विम्यातून मिळेल का?

निव्वळ यांत्रिक बिघाड गाडीच्या साध्या विम्यात सहसा येत नाही. पण चाक निखळून गाडी झाडावर आदळली, तर अपघाताचं नुकसान सर्वंकष (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणाऱ्या) पॉलिसीत येऊ शकतं, आणि विमा कंपनी नंतर गॅरेजकडून वसुली करू शकते. म्हणून गॅरेजशी परस्पर तडजोड करण्याआधी विमा कंपनीला कळवा. तुम्ही वसुलीचा हक्क सोडून दिलात तर ती तुमचा दावा नाकारू शकते.

गॅरेजकडेही अनेकदा दायित्व विमा (त्यांच्या चुकीने झालेलं नुकसान भरून देणारा) असतो. “तुमच्या विमा कंपनीला कळवलंत का?” हा प्रश्न लेखी विचारा. मालकाच्या खिशातून जाणारे पैसे आणि विम्यातून जाणारे पैसे, यात मालकाचा सूर बदलतो.

पत्रात काय लिहू?

छोटं, तारखांचं, विशेषणांशिवाय. साधारण असं:

“दिनांक अमुक रोजी, अमुक किलोमीटर रीडिंगला आपण माझ्या गाडीचे ऑइल व फिल्टर बदलले (बिल क्रमांक अमुक). दिनांक तमुक रोजी, त्यानंतर ३८ किलोमीटर चालल्यावर ऑइलचा इशारा दिवा लागला व मी इंजिन बंद केले. स्वतंत्र तपासणीत फिल्टरखाली दोन गॅस्केट आढळली. अहवाल व फोटो सोबत आहेत. दुरुस्ती, टोइंग व तपासणी मिळून होणारा खर्च सोबतच्या तक्त्यात दिला आहे. ही रक्कम पत्र मिळाल्यापासून १४ दिवसांत द्यावी, अथवा आपले म्हणणे लेखी कळवावे. काढलेले भाग जपून ठेवले आहेत. आपण ते पाहू शकता.”

“फसवणूक”, “चोर” असले शब्द नकोत. निष्काळजीपणा दाखवणं सोपं असतं, फसवणूक सिद्ध करणं अवघड, आणि उगाच बदनामीचा उलटा दावा ओढवतो. बिघाड ताजा असताना सोशल मीडियावर लिहायची घाईही याच कारणाने नको. पोच मिळेल अशा मार्गाने पाठवा.

बिल दिल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. काय करू?

केलेल्या कामाच्या पैशांसाठी गाडी ताब्यात ठेवायचा हक्क गॅरेजला बऱ्याच ठिकाणी असतो. गाडी तिथे पडून राहिली तर पार्किंगचं भाडं वाढतं आणि पुरावाही त्यांच्या हाती राहतो. सहसा पैसे भरून गाडी बाहेर काढणं शहाणपणाचं. बिलाच्या प्रतीवर लिहा: “कामाबद्दल हरकत आहे, भरपाई मागण्याचा हक्क राखून पैसे भरले.” तोच मजकूर मेसेजनेही पाठवा.

बिलावर छापलंय, “नुकसानीस आम्ही जबाबदार नाही.”

घाबरू नका. पार्किंगमध्ये ठेवलेल्या सामानाबद्दल असा मजकूर चालून जाईल, पण स्वतःच्या निष्काळजी कामाची जबाबदारी एका शिक्क्याने झटकणं ग्राहक कायद्यांना सहसा मान्य नसतं. तो मजकूर काम झाल्यावर मिळालेल्या बिलावर असेल तर तुम्ही तो आधी मान्य केला होता असंही म्हणता येत नाही.

ऐकतच नाहीत. पुढे?

अधिकृत सर्व्हिस सेंटर असेल तर गाडीच्या कंपनीकडे लेखी तक्रार. त्यानंतर मध्यस्थी, ग्राहक तक्रार यंत्रणा किंवा दिवाणी न्यायालय. दावा दाखल करायची मुदत ठरलेली असते आणि “त्यांच्याशी बोलणी चालू होती” या कारणाने ती आपोआप वाढत नाही. ती तारीख पहिल्याच आठवड्यात शोधून कॅलेंडरवर लिहा. रक्कम मोठी असेल किंवा कोणाला इजा झाली असेल तर सुरुवातीपासून वकील हवा.

गॅरेज फुकट दुरुस्त करून द्यायला तयार झालं. घ्यावं का?

चूक छोटी आणि वागणूक सरळ असेल तर जरूर घ्या, बहुतेक प्रकरणं इथेच मिटलेली बरी. मात्र आधी चार ओळी लिहून घ्या: कोणते पार्ट नवे पडणार, काम किती दिवसांत होणार, त्यावर हमी किती, टोइंगचे पैसे कोण देणार. ऑइलविना चाललेल्या इंजिनात “बेअरिंग बदलून देतो” म्हटलं तर क्रँक मोजल्याचे आकडे मागा. चरे पडलेल्या क्रँकवर नवी बेअरिंग फार दिवस टिकत नाहीत.

पैसे देताना “यापुढे कोणताही दावा राहणार नाही” असा कागद पुढे येतो. गाडी दुरुस्त होऊन काहीशे किलोमीटर चालेपर्यंत त्यावर सही करू नका. करावीच लागली तर त्यात फक्त सापडलेला बिघाड नावानिशी लिहा, आणि टर्बो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असे उशिरा बिघाड दाखवणारे भाग स्पष्टपणे वगळा.